दिवा लागला, पुढे काय?



वसंतातल्या संध्याकाळी व्याख्यानास येणारा श्रोता इतिहास, साहित्य किंवा समाजकारण ह्यांपैकी काही ऐकावे, ह्या अपेक्षेने येतो. त्याच्यापुढे आम्ही बोटभर लांबीची एक काळी चिप घेऊन उभे राहावे, हे थोडे धाडसच म्हटले पाहिजे. परंतु ही चिप आता परकी राहिलेली नाही. कपडे धुण्याचे यंत्र, विजेचे मीटर, रक्तातील साखर मोजण्याचे उपकरण, ह्या सर्वांच्या पोटात ती बसलेली आहे. आणि आता ती आपल्या मुलांच्या दप्तरातही आली आहे.

२०१६ साली सुरू झालेल्या अटल टिंकरिंग लॅबच्या योजनेतून देशातील दहा हजार शाळांत अशा प्रयोगशाळा निघाल्या. तेथे, किंवा घरीच, एखादी आठवीतली मुलगी निळ्या रंगाचा आर्डुइनो बोर्ड संगणकाला जोडते, दहा-बारा ओळी लिहिते, आणि बोर्डावरचा बारीक दिवा लुकलुकू लागतो. त्या क्षणीचा आनंद आम्ही स्वतः भोगला आहे. त्याची थट्टा करणारा मनुष्य अरसिकच समजावा. दिवा लागतो, मग मोटार फिरते, मग टाकीतल्या पाण्याची पातळी कळते. आणि तेथे बहुतेकांची गाडी अडते. पुढे काय, असे विचारले तर दुकानदार आणि मित्र एकच उत्तर देतात : अधिक मोठा, अधिक वेगाचा बोर्ड घ्या.

आमचे मत निराळे आहे. बोर्ड बदलल्याने विद्या वाढत नाही. पहिल्या पायरीवर ज्या गोष्टींची काळजी दुसऱ्या कोणी तरी आपल्यासाठी वाहत होते, ती काळजी स्वतः वाहू लागणे ही दुसरी पायरी होय. ती काळजी तीन गोष्टींची आहे : वेळेची, जागेची आणि चुकीची. ती न वाहिल्यास काय होते, हे आम्ही स्वतःच्या एका फजितीवरून सांगणार आहोत. तिला फजिती म्हणणेही सौम्यच आहे, कारण तिचा दंड आम्हांस नव्हे, दुसऱ्यास भरावा लागला.

झाकून ठेवलेले यंत्र

मायक्रोकंट्रोलर म्हणजे एकाच चिपवर मांडलेला संपूर्ण, परंतु गरीब संसाराचा संगणक. आर्डुइनो उनो ह्या सर्वपरिचित बोर्डावरील चिपचे नाव एटमेगा-३२८पी. तिच्यात प्रोग्रॅम साठविण्यास ३२ किलोबाइट जागा आहे. काम चालू असताना लागणारे आकडे ठेवण्यास २ किलोबाइट, म्हणजे २,०४८ बाइट. वीज गेल्यावरही टिकावी अशा माहितीसाठी आणखी १ किलोबाइट. बोर्डावरील घड्याळ सेकंदाला १ कोटी ६० लाख ठोके देते, आणि प्रत्येक ठोक्याला फार तर एक लहानशी आज्ञा पुरी होते. फोनवर काढलेल्या एखाद्या साध्या छायाचित्रास ह्या २ किलोबाइटांच्या हजारपट जागा लागते, एवढे सांगितले म्हणजे ह्या संसाराची कल्पना येईल.

आर्डुइनोचा जन्म २००५ साली उत्तर इटलीतील इव्ह्रेआ ह्या गावी झाला. ऑलिव्हेत्ती टंकलेखन यंत्रांचे ते गाव. तेथील इंटरॅक्शन डिझाइनच्या संस्थेत मास्सिमो बान्झी शिकवीत असत. त्यांचे विद्यार्थी कलावंत आणि रचनाकार होते. विजेचे शास्त्र शिकून आलेले नव्हते. त्यांच्या कल्पना हलत्या-बोलत्या व्हाव्यात, पण त्यासाठी त्यांना दोन-तीन वर्षे इंजिनिअरिंग शिकावे लागू नये, ही अडचण होती. त्याच संस्थेतील एर्नांदो बार्रागान ह्या विद्यार्थ्याने आपल्या प्रबंधासाठी 'वायरिंग' नावाची सोपी पद्धती बसविली होती. तिच्या पायावर बान्झी आणि त्यांचे सहकारी ह्यांनी स्वस्त बोर्ड उभा केला. नाव घेतले ते गावातल्या एका बारचे, आणि त्या बारला नाव होते सुमारे हजार वर्षांपूर्वीच्या एका राजाचे.

हा इतिहास सांगण्याचे कारण एवढेच की, चिपचे अंतरंग झाकून ठेवणे हा आर्डुइनोचा दोष नव्हे. तो त्याचा हेतूच होता. मुलाला पांगुळगाडा देतो तो त्याने चालावे म्हणून. गाड्याला नावे ठेवणे योग्य नाही. मात्र मूल पाच वर्षांचे झाल्यावरही तो सोडीत नसेल तर विचार केला पाहिजे.

आता झाकण थोडे उघडून पाहू. नवशिका 'डिजिटल-राइट' ह्या आज्ञेने तेरा क्रमांकाच्या पिनेवर वीज सोडतो आणि दिवा लागतो. परंतु तेरा हा आकडा चिपला ठाऊकच नाही. तो बोर्डावर छापलेला आहे. म्हणून आर्डुइनोची लायब्ररी प्रथम एका तक्त्यात पाहते की, तेरा म्हणजे बी नावाच्या पोर्टाचा, शून्यापासून मोजता, पाचवा बिट. मग त्या पिनेला एखादा टायमर जोडलेला आहे काय हे तपासते, आणि असल्यास तो सोडविते. मग इतर कामांचा व्यत्यय क्षणभर थांबवून तो एक बिट लिहिते आणि सारे पूर्ववत करते. ह्या सर्वांस काही मायक्रोसेकंद लागतात. तोच बिट आपण सरळ लिहिला तर दोन ठोक्यांत, म्हणजे एका मायक्रोसेकंदाच्या आठव्या हिश्श्यात काम होते.

हा बिट लिहावयाचा कोठे? रजिस्टरमध्ये. रजिस्टर म्हणजे चिपमधील ठराविक पत्त्यावर बसविलेली आठ खटक्यांची पट्टीच समजा. डीडीआर-बी ह्या पट्टीतील खटका वर केला की ती पिन बाहेर वीज देणारी होते. पोर्ट-बी ह्या पट्टीतील खटका वर केला की प्रत्यक्ष वीज जाते. दिवा लावण्याची सारी विद्या ह्या दोन खटक्यांत आहे. असे खटके कोठे व कशासाठी आहेत ते चिप बनविणाऱ्याच्या माहितीपुस्तकात, म्हणजे डेटाशीटमध्ये, दिलेले असते. ते काही शे पानांचे असते आणि त्यात गोष्ट नसते. पण व्याकरणाचे पुस्तक जसे कोणी आरंभापासून अखेरपर्यंत वाचीत नाही, अडले की उघडतो, तसेच तेही वापरावयाचे असते.

येथे एक गैरसमज टाळला पाहिजे. सरळ रजिस्टरमध्ये लिहिणारा शहाणा आणि लायब्ररी वापरणारा अडाणी, असे आम्हांस म्हणावयाचे नाही. लायब्ररीने घेतलेली ती तपासणी पुष्कळदा हिताचीच असते. वापरा, पण आत काय आहे हे जाणून वापरा, एवढाच आग्रह आहे.

वेळेची गोष्ट

पहिल्या पायरीवर वेळ मोजण्याची रीत सोपी असते. दिवा लाव, एक सेकंद थांब, दिवा विझव, एक सेकंद थांब. ह्या 'थांब' आज्ञेत चिप काय करते? एक कोटी साठ लाख ठोके नुसती उभी राहते. त्या वेळात कोणी बटण दाबले तरी तिच्या प्रोग्रॅमला पत्ता नसतो. एक दिवा असेतो हे चालते. दिवा, बटण, पाण्याची पातळी आणि मोटार अशी चार कामे एकदम आली की चालत नाही. मग विद्यार्थी 'मिलिस' नावाच्या आज्ञेकडे वळतो. यंत्र सुरू झाल्यापासून किती मिलिसेकंद झाले हे ती सांगते. तो आकडा पाहत पाहत सारी कामे आळीपाळीने करावयाची. हे उत्तम आहे. आम्हीही एवढे शिकलो आणि स्वतःस जाणते समजू लागलो.

आमच्या एका स्नेह्यांची भाजीपाल्याची रोपवाटिका आहे. शेडनेटखाली ट्रेमध्ये कोकोपीट भरून त्यात टोमॅटो-मिरचीची रोपे वाढवितात. दर आठ तासांनी पाच मिनिटे फवारा द्यावा, असे यंत्र आम्ही त्यांना करून दिले. विजेचा भरवसा नाही, म्हणून सौरपट्टी आणि बॅटरी जोडली. सकाळी दहा वाजता यंत्र सुरू केले. ते इतके बिनबोभाट चालले की, आठवड्याभराने त्याकडे कोणी पाहीनासे झाले.

पन्नासाव्या दिवशी सकाळी स्नेही येऊन पाहतात तो वाटिकेत तळे साचलेले. ट्रे भिजून जड झालेले, नुकते टाकलेले बी वाहून गेलेले, आणि टाकी रिकामी. व्हॉल्व्ह मात्र व्यवस्थित बंद होता. आम्हांस बोलावणे आले. आम्ही जाऊन यंत्र तपासले. ते आमच्यासमोर वेळेवर उघडले, वेळेवर मिटले. आम्ही छातीठोकपणे सांगितले की, यंत्रात दोष नाही. मग दोष कोणाचा? रात्री तेथे एकच मनुष्य असे, तो वयस्क राखणदार. आपण व्हॉल्व्हला हात लावला नाही असे तो पुनःपुन्हा सांगत होता. त्याचे कोणी मानले नाही. त्याचा आठ दिवसांचा रोज कापला गेला, आणि महिनाअखेर तो काम सोडून गेला.

आणखी सुमारे पन्नास दिवसांनी तोच प्रकार झाला. परंतु ह्या खेपेस दुपारी तीनच्या पुढे, आत माणसे काम करीत असताना. पाच मिनिटे झाली की व्हॉल्व्ह मिटे आणि तत्क्षणी पुन्हा उघडे. हे चार जणांनी डोळ्यांनी पाहिले. तेव्हा आम्ही यंत्राकडून आमच्या प्रोग्रॅमकडे वळलो, आणि चूक तेथे बसलेली सापडली.

'मिलिस'चा आकडा ३२ बिटांचा असतो. त्यात मावणारी सर्वांत मोठी संख्या ४,२९,४९,६७,२९५. एवढे मिलिसेकंद म्हणजे ४९ दिवस, १७ तास, २ मिनिटे आणि ४७ सेकंद. त्यानंतर, सर्व नवे भरल्यावर मोटारीचे मैल मोजणारे चाक जसे शून्यावर येते, तसा हा आकडा शून्यावर येतो. आमचे यंत्र सकाळी दहाला सुरू झाले होते. म्हणजे पन्नासाव्या दिवशी पहाटे तीनच्या सुमारास ते शून्यावर येणार होते. आम्ही लिहिले होते असे : फवारा मिटताच 'आता अधिक आठ तास' ही पुढची वेळ काढून ठेवावी, आणि 'आता' त्या वेळेइतका किंवा तिच्याहून मोठा झाला की उघडावे. आदल्या रात्री सव्वादहानंतर फवारा मिटला तेव्हा ही बेरीज मर्यादेपलीकडे गेली आणि उत्तर एक लहानसा आकडा आला. 'आता' त्याहून कितीतरी मोठा! म्हणून व्हॉल्व्ह लगेच उघडला. पाच मिनिटांनी मिटला, पुन्हा तीच बेरीज, पुन्हा उघडला. पहाटे तीनला घड्याळ शून्यावर आले आणि सारे आपोआप सुरळीत झाले. आम्ही पोचेपर्यंत यंत्र निर्दोष झाले होते, आणि एक निरपराध मनुष्य दोषी ठरला होता.

उपाय एका ओळीचा आहे. दोन वेळांची तुलना करू नये. किती वेळ गेला ते मोजावे. रात्री अकराला निजलेला मनुष्य पाचला उठला, तर पाच हे अकरापेक्षा लहान म्हणून तो निजण्याआधीच उठला, असे आपण म्हणत नाही. पाचातून अकरा वजा करून, घड्याळाचे बारा मिळवून, सहा तास झोप झाली असे म्हणतो. चिपमधील ऋणचिन्हरहित आकड्यांची वजाबाकी नेमकी अशीच घड्याळासारखी फिरते. म्हणून 'आता वजा आरंभ' हे आठ तासांइतके किंवा त्याहून अधिक झाले काय, असे विचारले की घड्याळ शून्यावर आले तरी उत्तर चुकत नाही. मात्र मोजावयाचा काळ त्या पन्नास दिवसांच्या फेऱ्याहून लहान असला पाहिजे.

ही चूक आमच्यासारख्या हौशी माणसांचीच असते, असे मात्र समजू नये. २०१५ साली अमेरिकेच्या विमान-नियंत्रण खात्याने बोइंग ७८७ विमानांविषयी आज्ञा काढली. विमानातील वीज सतत २४८ दिवस चालू राहिली, तर जनित्रांच्या नियंत्रकांतील एक मोजणी भरून ओसंडते आणि ते नियंत्रक एकदम बंद पडू शकतात. म्हणून ठराविक मुदतीत वीज पूर्ण बंद करून पुन्हा सुरू करावी, असा तात्पुरता उपाय सांगितला गेला. सुदैवाने हा दोष आकाशात नव्हे, प्रयोगशाळेतील चाचणीत उघडकीस आला होता. आम्ही अशी चाचणी केली नव्हती. पन्नास दिवस थांबण्याचीही गरज नव्हती. घड्याळाचा आकडा शून्यावर येण्याच्या एक मिनिट आधीपासून सुरू करून पाहिला असता, तर तासाभरात चूक सापडली असती.

दाराची घंटा आणि कोती जागा

दुसऱ्या पायरीवरचा पुढचा विषय म्हणजे इंटरप्ट. स्वयंपाक चालू असताना दाराची घंटा वाजते. गृहिणी गॅस बारीक करून दार उघडते आणि परत येऊन जेथे सोडले तेथून काम पुढे चालविते. चिपलाही अशी घंटा असते. पाण्याच्या मीटरचे प्रत्येक स्पंदन मोजावयाचे असेल तर सारखे त्याकडे पाहत बसण्याऐवजी स्पंदन आले की घंटा वाजेल, अशी योजना करता येते. पण घंटा केव्हा वाजेल हे आपल्या हाती नसते, आणि धोका तेथेच आहे.

ही चिप एका वेळी एकच बाइट हाताळते. २५५ च्या पुढचा आकडा असला की त्यास दोन बाइट लागतात : एक खालचा, एक वरचा. समजा, मोजणी २५५ वर आहे. मुख्य प्रोग्रॅमने खालचा बाइट वाचला : २५५. तेवढ्यात घंटा वाजली आणि मोजणी २५६ झाली. आता खालचा बाइट शून्य आणि वरचा एक. परत येऊन मुख्य प्रोग्रॅमने वरचा बाइट वाचला : एक. जुना खालचा आणि नवा वरचा मिळून त्याच्या हाती पडले ५११. ही संख्या कधी अस्तित्वातच नव्हती! हे दहा लाख वेळांत एकदा घडेल, आणि तुम्ही पाहत असाल तेव्हा हमखास घडणार नाही. म्हणून असा आकडा उचलताना क्षणमात्र घंटा बंद करावी, आकडा उतरून घ्यावा आणि घंटा पुन्हा चालू करावी. शिवाय, हा आकडा आपल्या नकळत बदलू शकतो हे कंपायलरलाही 'व्होलाटाइल' ह्या शब्दाने सांगून ठेवावे लागते. एरवी तो जुनीच प्रत पुनःपुन्हा वापरून मोकळा होतो.

बाइटाच्या ह्या बारीक गोष्टींत जीव जातात, असे म्हटले तर अतिशयोक्ती वाटेल. १९८५ ते १९८७ ह्या काळात थेराक-२५ नावाच्या किरणोपचार यंत्राने अमेरिका व कॅनडा ह्या देशांत सहा रुग्णांना प्रमाणाबाहेर किरणे दिली. त्यांपैकी काही दगावले. त्या प्रोग्रॅममध्ये एका बाइटाची एक खूण होती. ती शून्य नसेल तर यंत्राची मांडणी तपासावी, असा संकेत होता. खूण चढविताना तिच्यात ठराविक आकडा न घालता दर वेळी एक मिळविला जाई. म्हणून दर २५६ व्या खेपेस ती शून्य होई आणि तपासणी टळे. त्याच क्षणी बटण दाबले गेले की अनर्थ होई. आधीच्या यंत्रांत अशा प्रसंगी विद्युत्प्रवाह अडविणारे निराळे साधन बसविलेले असे; ह्या यंत्रात ते काढून सारा भरवसा प्रोग्रॅमवर ठेवला होता. ही शेवटची गोष्ट आम्हांस सर्वांत महत्त्वाची वाटते.

जागेविषयी थोडे बोलू. देवनागरीच्या एका अक्षरचिन्हास युनिकोडच्या रूढ पद्धतीत तीन बाइट लागतात. म्हणजे २,०४८ बाइटांत जेमतेम पावणेसातशे चिन्हे मावतील. छापील पानाचा अर्धाच भाग. नवशिका पडद्यावर दाखवावयाची सारी वाक्ये त्याच जागेत ठेवतो, कारण ती ३२ किलोबाइटांच्या कोठारात ठेवण्यास निराळे सांगावे लागते, हे त्यास ठाऊक नसते. मग जागा संपते. संपल्याची सूचना चालू यंत्रात कोणी देत नाही. एका बाजूने वाढणारे आकडे दुसऱ्या बाजूने वाढणाऱ्या आकड्यांवर चढतात आणि यंत्र वेड्यासारखे वागू लागते. घरखर्चाची वही ठेवावी तशी बाइटांची वही ठेवणे हाच त्यावर उपाय.

चूक होणार, हे धरून चालणे

एवढे सांभाळूनही यंत्र अडेल. म्हणून चिपमध्येच एक पहारेकरी बसविलेला असतो. त्यास वॉचडॉग म्हणतात. त्याचे घड्याळ स्वतंत्र असते. ठरलेल्या मुदतीत, ह्या चिपमध्ये ती जास्तीत जास्त आठ सेकंदांची असते, प्रोग्रॅमने हाक दिली नाही, तर तो यंत्र पुन्हा आरंभापासून सुरू करतो. ही हाक सारी कामे नीट पार पडल्यावरच द्यावी. ती घंटेच्या कामात घातली, तर मुख्य काम मेले तरी हाक चालूच राहते. पहारेकरी ठेवून त्यास अफू देण्यासारखेच ते होय.

तथापि, आमच्या रोपवाटिकेत हा पहारेकरी निरुपयोगी ठरला असता. प्रोग्रॅम अडकला नव्हता. तो चुकीची आज्ञा इमानाने पाळीत होता. तेथे लागतो तो वेगळा विचार : दिवसात एकूण अमुक मिनिटांहून अधिक पाणी सुटले तर, कारण काहीही असो, व्हॉल्व्ह बंद. किंवा त्याहून साधे, दिवसाच्या पाण्यापुरतीच लहान टाकी. प्रोग्रॅम चुकला तरी नुकसान एका टाकीचे. प्रोग्रॅमवर देखरेख प्रोग्रॅमबाहेरची असावी, हाच थेराक-२५ चाही धडा आहे.

आता मोठ्या बोर्डांकडे यावयास हरकत नाही. २०२१ साली आलेल्या रास्पबेरी पाय पिकोवरील चिपमध्ये दोन ३२ बिटी गाभे आणि २६४ किलोबाइट मेमरी आहे. ईएसपी-३२ मध्ये वायफायही आहे. एसटीएम-३२ च्या कुटुंबात तर शेकडो चिपा आहेत. पुण्यात मुख्यालय असलेल्या सी-डॅक संस्थेने 'वेगा' प्रोसेसर घडविले आणि त्यांवर आधारलेल्या तेजस-३२ चिपचे 'एरीज' बोर्ड काढले, ही आपणां सर्वांस अभिमानाची गोष्ट आहे. परंतु येथे नवी जबाबदारीही येते. ह्यांतील बहुतेक चिपा ३.३ व्होल्टच्या, जुन्या सवयीने ५ व्होल्टची तार लावली तर चिप निकामी होण्याचा संभव असतो. एसटीएम-३२ मध्ये प्रत्येक विभागाचे घड्याळ आरंभी बंद असते; ते चालू केल्यावाचून खटके दाबले तर काहीच घडत नाही, आणि विद्यार्थी दोन दिवस तार तपासत बसतो.

ह्या चिपांवर अनेक कामांची पाळी लावून देणारा कारभारीही ठेवता येतो. फ्रीआरटीओएस हा त्यांतील प्रसिद्ध. त्याने सोय होते आणि नवे घोटाळेही होतात. ४ जुलै १९९७ रोजी मंगळावर उतरलेल्या पाथफाइंडर यानाचा संगणक काही दिवसांतच पुनःपुन्हा स्वतःला नव्याने सुरू करू लागला. हवामानाची नोंद घेणाऱ्या दुय्यम कामाने एक सामाईक किल्ली घेतली होती. सर्वांत तातडीचे काम त्या किल्लीसाठी खोळंबले. आणि मधल्या दर्जाच्या कामाने दुय्यम कामास पुढे सरकू दिले नाही. तातडीचे काम वेळेत होईना, म्हणून संगणक पुनःपुन्हा सुरू होई. पृथ्वीवरील जुळ्या यंत्रावर तोच बिघाड घडवून पाहून, किल्ली घेतलेल्या कामास तात्पुरता वरचा दर्जा देणारी सोय येथूनच चालू करण्यात आली. ते शक्य झाले, कारण बिघाड शोधण्याची साधने त्यांनी यानात ठेवूनच दिली होती.

मग शिकणाऱ्याने क्रम कोणता धरावा? प्रथम जुन्याच बोर्डावर तोच दिवा लायब्ररीवाचून, डेटाशीट उघडून, रजिस्टर लिहून लावावा. मग 'थांब' आज्ञेवाचून तीन दिवे तीन गतींनी लुकलुकवावे. मग टायमर व इंटरप्ट स्वतः बसवावे, आणि आकडे शून्यावर येण्याच्या काठावर नेऊन पाहावे. मग वॉचडॉग लावून मुद्दाम प्रोग्रॅम अडकवावा. हे साधल्यावर ३२ बिटी बोर्ड घ्यावा, आणि त्याच्याबरोबर डीबगर वापरावयास शिकावे. चालता प्रोग्रॅम मध्येच थांबवून त्याचे रजिस्टर वाचता येणे म्हणजे वैद्यास नाडी सापडण्यासारखे आहे. ह्या क्रमास सहा महिने लागोत की वर्ष लागो, घाई नाही.

शेवटी एक सांगून आपली रजा घेतो. चूक सापडल्यावर आमच्या स्नेह्यांनी राखणदाराचा कापलेला रोज काढून ठेवला आणि आम्ही दोघे त्याच्या गावी गेलो. पैसे त्याच्या हाती दिले. पन्नास दिवसांचे गणित त्यास सांगू लागलो. ते त्याने ऐकून घेतले. मग तो एवढेच म्हणाला, "मी तेव्हाच सांगितलं होतं." आणि त्याने आम्हांस चहा पाजला.

श्रोतेहो, खेळणे चुकले तर आपण हसतो. ज्या यंत्राच्या भरवशावर दुसरा मनुष्य रात्री निजतो, ते चुकले तर कोणी तरी त्याचा दंड भरतो. आणि पुष्कळदा जो भरतो त्याने ती ओळ लिहिलेली नसते. आपल्या घरातील मुलीने दिवा लावला असेल तर तिचे कौतुक जरूर करा. मग तिला एकच विचारा : हा दिवा तू समोर नसताना, पन्नास दिवसांनीही, असाच लागेल काय? ज्या दिवशी ती ह्या प्रश्नाचे उत्तर शोधू लागेल, त्या दिवशी ती दुसऱ्या पायरीवर आली असे खुशाल समजावे. मग हातातला बोर्ड कोणताही असो.